वाचकांचे प्रश्न: फर्म नावाजलेली, आणि हातात फक्त टॉयलेट डिटेल्स

या वेळी आर्किटेक्चरच्या मुलामुलींची पत्रं खूप आली, बऱ्याच कॉलेजांत इंटर्नशिपचं सेमिस्टर चालू आहे त्यामुळे असेल. सगळी छापणं शक्य नाही, काही निवडलीत, नावं कोणाचीच देत नाहीये. पहिल्या पत्राला जरा जास्त जागा दिलीय कारण तोच प्रश्न इतरही बऱ्याच जणांनी आपापल्या शब्दांत विचारलाय.

प्रश्न: ताई, मी कोल्हापूरची, बी.आर्क.च्या फोर्थ इयरला आहे. पुण्यातल्या एका नावाजलेल्या फर्ममध्ये इंटर्नशिप मिळाली तेव्हा कॉलेजात सगळे म्हणाले नशीब काढलंस. आता दोन महिने होत आले आणि मी केलं काय तर टॉयलेट डिटेल्स (बारीकसारीक मापांची ड्रॉइंग्ज), दरवाजे-खिडक्यांचं शेड्यूल (मापांची यादी) आणि एका जिन्याचं सेक्शन (उभा छेद), जे सिनियर मॅम तिसऱ्यांदा लाल पेनाने भरून परत देतायत. माझी मैत्रीण मुंबईत आहे तिला कॉम्पिटिशनचे रेंडर्स (बिल्डिंगची कॉम्प्युटरवरची खरी वाटणारी चित्रं) करायला मिळतात, तिचं इन्स्टाग्राम बघितलं की रडू येतं. मला डिझाइन कधी करायला मिळणार? फर्म बदलू का? सर म्हणतात मध्येच बदललं तर सेमिस्टर अडकेल.

उत्तर: नको बदलूस. तू जे तक्रार म्हणून लिहिलंयस ना, की मॅम तिसऱ्यांदा लाल करून परत देतायत, ते वाचून मला खरंच बरं वाटलं. ज्या ऑफिसात इंटर्नच्या ड्रॉइंगवर कोणीतरी अर्धा तास बसून लाल पेन चालवतं ते ऑफिस तुला शिकवतंय. आणि जिथे तुझं ड्रॉइंग कोणी न बघताच पुढे जातं, किंवा कोणी न बघताच फोल्डरमध्ये पडून राहतं, तिथे तू नुसती खुर्ची अडवून बसलेली असतेस, मग त्या फर्मचं नाव कितीही मोठं असो. इंटर्नशिप चांगली चाललीय की नाही हे बघायला माझ्याकडे हा एवढाच निकष आहे, आणि इतकी वर्षं मुलं ऑफिसात येताना-जाताना बघून तो पक्का होत गेलाय.

जिन्याचंच घे. कॉलेजात आपण जिना कसा काढतो? मजल्याची उंची ३००० मिमी, रायझर (एका पायरीची उंची) १५० चा, म्हणजे वीस रायझर, ट्रेड (पाय ठेवायची रुंदी) ३०० चा, झाला जिना, ज्युरीत कोणी पुढे विचारत नाही. आता साइटवर काय होतं बघ. आरसीसीचा जिना ओतला, सगळे रायझर १५० चे, अगदी ड्रॉइंगप्रमाणे. मग पायऱ्यांवर कोटा बसला, दगड आणि खालचा मसाला धरून समज ४० मिमी. पण लॉबीच्या फ्लोअरिंगला जाडी धरलीय ७५ मिमी. म्हणजे खालची जमीन ७५ ने वर आली आणि पहिली पायरी मात्र ४० नेच वर आली, पहिला रायझर उरला ११५. वरच्या टोकाला बरोबर उलटं, शेवटची पायरी ४० ने वर आणि वरच्या लॉबीची जमीन ७५ ने वर, शेवटचा रायझर झाला १८५. आता गंमत अशी की नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये घरगुती जिन्याला १९० पर्यंत रायझर चालतो, म्हणजे १८५ कोडात बसतो, पण जिना चढताना कोणी पायाकडे बघत नाही, दोन-तीन पायऱ्यांत पायाला अंदाज येतो आणि पुढे पाय त्याच अंदाजाने उचलला जातो, त्यामुळे सगळ्या पायऱ्या १५० आणि शेवटची एकदम १८५ असली की तिथेच ठेच लागते, आणि ती बहुतेक वेळा म्हाताऱ्या माणसाला लागते.

मग यावर उपाय काय तर आरसीसीच्या ड्रॉइंगमध्येच पहिला रायझर १८५ आणि शेवटचा ११५ दाखवायचा, मधले अठरा १५० चे. बेरीज करून बघ, ३००० च येते. कच्चा जिना मुद्दाम असमान ओतायचा, म्हणजे फिनिशिंग झाल्यावर तो सारखा होतो. हे स्ट्रक्चरल कन्सल्टंटला स्लॅब पडायच्या (म्हणजे ओतायच्या) आधी कळलं पाहिजे, नंतर हातात काही राहत नाही, मग मिस्त्री कुठे छिन्नी मारतो कुठे मसाला जाड करतो आणि सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात. तुझ्या सेक्शनवर मॅमनी ज्या लेव्हल्सना गोल केलेत त्यात एफएफएल (फिनिशिंग झालेल्या जमिनीची लेव्हल) आणि कच्च्या स्लॅबची लेव्हल वेगवेगळी लिहिलीय का ते आज परत उघडून बघ. आणि फक्त लाल खुणेप्रमाणे दुरुस्त करून देऊ नकोस, मॅमना विचार हे असं का. लाल शाई ज्या इंटर्नला नुसती टायपिंगची चूक वाटते त्याला तिसऱ्या वेळीही तीच खूण परत येते.

टॉयलेट डिटेल्सचंही तसंच आहे. मला विचारशील तर अख्ख्या बिल्डिंगमधली सगळ्यात अवघड खोली तीच, कारण एवढ्याशा जागेत पाणी, ड्रेनेज, लाइट, टाइल, वॉटरप्रूफिंग आणि माणसाचं शरीर हे सगळं एकाच वेळी सांभाळायचं असतं. स्लॅब किती संक करायचा (खाली घ्यायचा), नहाणी ट्रॅप (जमिनीतलं पाणी जायचं जाळीचं तोंड) कुठे येणार, तिथपर्यंत जमिनीला उतार कसा मिळणार, कमोडच्या आउटलेटचं माप तू विटेच्या भिंतीपासून धरलंस की टाइल लागलेल्या भिंतीपासून (यात प्लास्टर आणि टाइल मिळून तीस-पस्तीस मिमीचा फरक पडतो आणि तेवढ्यात कमोड भिंतीला टेकतो किंवा मागे फट राहते), अख्खी टाइल दाराकडून सुरू केली का म्हणजे कट पीस कमोडच्या मागे लपतो, दार उघडल्यावर बेसिनला आपटतं का. यातली एकही गोष्ट कॉलेजच्या शीटवर दिसत नाही, तिथे आपण कॉम्प्युटरमधला एक तयार ब्लॉक उचलून टाकतो. ज्या आर्किटेक्टला टॉयलेट नीट जमतं त्याला बाकीचं घर जमतंच असं मी म्हणणार नाही, पण ज्याला टॉयलेट जमत नाही त्याच्या घरात राहणारी माणसं त्याला रोज सकाळी शिव्या घालतात.

दरवाजे-खिडक्यांचं शेड्यूल म्हणजे तर सरळ पैशांचा कागद. त्यावरून कॉन्ट्रॅक्टर ऑर्डर देतो. डी२ ला (दरवाज्याच्या एका प्रकाराला) तू ७५० लिहिलंस आणि ते बांधकामातलं ओपनिंग आहे की चौकटीच्या आतलं माप हे लिहिलं नाहीस, तर ती एक चूक जितके फ्लॅट तितक्या वेळा होते. म्हणून इंटर्नकडून शेड्यूल करून घेतात तेव्हा त्याला कमी लेखतात असं समजू नकोस, कोणीतरी तुझ्यावर विश्वास टाकलाय.

आता तुझ्या मैत्रिणीबद्दल. रेंडर करणं वाईट नाही, उजेड, मटेरियल, कंपोझिशन याची नजर तयार होते आणि ते कामही मेहनतीचं आहे. फक्त ते तू रात्री घरी बसूनही शिकू शकतेस, सॉफ्टवेअरचे व्हिडिओ ढिगाने पडलेत. सिनियरच्या शेजारी बसून वर्किंग ड्रॉइंग (ज्यावरून साइटवर बांधतात ते) शिकायला मात्र ऑफिसच लागतं. इन्स्टाग्रामवर नहाणी ट्रॅप कोणी टाकत नाही म्हणून तुझं काम दिसत नाहीये इतकंच.

तरी तुझ्या पत्रात एका गोष्टीचा उल्लेखच नाही, साइटचा. दोन महिन्यांत एकदाही साइटवर गेली नसशील तर ते मात्र चुकतंय आणि ते तुलाच मागून घ्यावं लागेल. काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या २०२० च्या नियमांत प्रॅक्टिकल ट्रेनिंगला एक अख्खं सेमिस्टर दिलंय, पंधरा ते अठरा आठवडे, पण तेवढ्यात कुठलीच बिल्डिंग पायापासून रंगापर्यंत बघून होत नाही. म्हणून एकाच प्रोजेक्टची वाट बघत बसू नकोस, ऑफिसची वेगवेगळ्या टप्प्यांवरची कामं बघून घे, एक जोत्याच्या लेव्हलला असलेलं, एक सेंट्रिंग लागलेलं, एक फिनिशिंगचं. मॅमना सरळ सांग की मी ज्या टॉयलेटचं डिटेल काढलं तसं एखादं साइटवर चालू असेल तर मला बघायचंय, माझं ऑफिसचं काम मी आधी संपवून ठेवते. असं नेमकं मागितलं की माणसं सहसा नाही म्हणत नाहीत, "मला साइटवर न्या ना" असं मोघम म्हटलं की ते राहून जातं. आणि स्लॅब पडायच्या आदल्या दिवशी सळई तपासायला कोण जातंय ते विचारून त्यांच्याबरोबर जा. एकदा स्लॅब पडला की आतलं काहीच दिसत नाही, त्यामुळे तो दिवस चुकवू नकोस. जाताना बूट घाल, हेल्मेट माग, वही आणि टेप स्वतःची ठेव. तिथे मिस्त्री फूट-इंच आणि सुतात बोलेल, तुझं ड्रॉइंग मिमीमध्ये असेल, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण तीन मिमी, एवढं डोक्यात ठेवलंस तरी त्याच्याशी गप्पा सुरू होतात. आणि मिस्त्रीला विचार की दादा या ड्रॉइंगमध्ये तुम्हाला काय कळत नाही. त्याचं उत्तर ऐकून ये आणि मग परत सेक्शन काढायला बस.

डिझाइन कधी मिळणार, तर उरलेल्या दिवसांत एखादी छोटी गोष्ट माग, गेट, कंपाउंड वॉल, सिक्युरिटी केबिन, लेटरबॉक्सचं युनिट. छोटं असलं तरी कन्सेप्टपासून वर्किंगपर्यंत आणि जमलं तर कॉन्ट्रॅक्टरच्या कोटेशनपर्यंत सगळं स्वतः कर. फर्म बदलायचा विचार फक्त एका परिस्थितीत कर, दिवसभर नुसत्या प्रिंट काढणं, फाइली लावणं आणि जुनी ड्रॉइंग्ज ट्रेस करणं चाललंय आणि विचारूनही कोणी वेळ देत नाहीये. तुझं तसं अजिबात नाहीये.

प्रश्न: ताई नमस्कार. मी जळगावचा. मुंबईत एका ऑफिसने पोर्टफोलिओ बघून घेतो म्हणालेत पण स्टायपेंड नाही, म्हणाले आम्ही शिकवतोय हेच खूप आहे, दोशींनी पण फुकटच काम केलं होतं. वडील एसटीत कंडक्टर आहेत. पीजीचं भाडं, लोकलचा पास, जेवण मिळून घरच्यांना जड जाणार हे मला दिसतंय पण ते म्हणतात जा, चांगलं नाव आहे. काय करू?

उत्तर: दोशींचं नाव या कामासाठी वापरलेलं मला अजिबात आवडत नाही, म्हणून आधी ते सांगते. आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशी आपल्या पुण्यात जन्मलेले, मुंबईत जे.जे.ला शिकलेले, ते १९५१ मध्ये पॅरिसला ल कॉर्बुझिए या जगप्रसिद्ध आर्किटेक्टच्या ऑफिसात गेले आणि सुरुवातीचे आठ महिने त्यांनी बिनपगारी काम केलं हे खरं आहे. पण पुढचं कोणी सांगत नाही. तिथे ते चंदीगड आणि अहमदाबादच्या कामांवर बसले, नंतर त्यांना पगारही मिळाला आणि कॉर्बुझिएची अहमदाबादची कामं साइटवर बघायला तेच इकडे आले. २०१८ मध्ये त्यांना प्रिट्झकर (आर्किटेक्चरमधलं सगळ्यात मोठं पारितोषिक) मिळालं ते त्या उपाशी आठ महिन्यांमुळे नाही. तुला ज्या ऑफिसने त्यांचं उदाहरण दिलं त्यांना विचार की मला पहिल्या दिवसापासून कुठल्या प्रोजेक्टवर बसवणार आणि माझी ड्रॉइंग्ज कोण तपासणार. नेमकं उत्तर आलं तर पुढे बोलू, पण ते येणार नाही असं मला वाटतं.

माझं मत स्पष्ट आहे, क्लायंटकडून फी घेऊन जे काम करतात त्या कामावर इंटर्नला बसवायचं आणि त्याला काहीच द्यायचं नाही हे बरोबर नाही. ही लाज फक्त आपल्याकडची नाही. २०१९ मध्ये लंडनच्या सर्पेंटाइन गॅलरीचं पॅव्हिलियन जपानी आर्किटेक्ट ज्युन्या इशिगामी करत होते, त्यांच्या ऑफिसात बिनपगारी इंटर्न घेतात हे बाहेर आल्यावर गॅलरीने सांगितलं की आमच्या कामावर जो कोणी असेल त्याला पैसे द्यावेच लागतील. म्हणजे मोठ्या नावांनाही हे ऐकावं लागलं. फुकटच्या इंटर्नशिपचा दुसरा तोटा असा की ती फक्त ज्यांच्या घरचं मुंबईत आहे किंवा ज्यांचे आईवडील खर्च झेपवू शकतात त्यांनाच परवडते, मग जळगाव-धुळे-बीडची हुशार मुलं त्या ऑफिसांपर्यंत पोचतच नाहीत.

तू काय कर, त्यांना एक साधा इमेल लिही. स्टायपेंडशिवाय मला मुंबईत राहणं शक्य नाही, निदान राहण्या-जाण्याचा खर्च निघेल एवढं देऊ शकाल का, असं सरळ लिही, यात कमीपणा काही नाही. त्याच इमेलमध्ये वेळ काय, शनिवार चालू की बंद, लॅपटॉप ऑफिसचा की स्वतःचा न्यायचा, सर्टिफिकेटवर सही कोणाची, हेही विचारून घे. सही करणारा काउन्सिलकडे रजिस्टर्ड असलाच पाहिजे, त्याचा सीए ने सुरू होणारा नंबर असतो, तो काउन्सिलच्या साइटवर नाव टाकून बघता येतो, आणि तुझ्या कॉलेजची किती वर्षांच्या अनुभवाची अट आहे ती आधी बघ. स्टायपेंड नाहीच म्हणाले तर जाऊ नकोस. नाशिकला चांगली ऑफिसं आहेत, तिथे मुंबईच्या मानाने राहणं स्वस्त आणि शनिवार-रविवार घरी जाता येतं. वडिलांना हे सगळं समजावून सांग, ते नावाला भुललेत कारण त्यांना या लाइनमधलं आतलं कोणी सांगितलेलं नाही.

प्रश्न: मी लातूरचा आहे, घरच्या अडचणीमुळे बाहेर जाता येत नाही. इथल्या एका छोट्या ऑफिसात इंटर्नशिप करायची वेळ आलीय, सर आणि दोन ड्राफ्ट्समन एवढंच ऑफिस. मित्र हसतात. नुकसान होईल का?

उत्तर: हसू दे. अरे, मोठ्या ऑफिसात चार महिने एका टॉवरचं एकच पार्किंग फिरवत बसतात मुलं. तीन माणसांच्या ऑफिसात सकाळी प्लॉटची मोजणी, दुपारी नगररचना खात्याची फाइल, संध्याकाळी कॉन्ट्रॅक्टरचं बिल, हे सगळं एकाच दिवसात तुझ्या समोरून जाऊ शकतं. डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि आणखी काही भाग सोडले तर राज्यभर एकच यूडीसीपीआर (बांधकामाची नियमावली) लागू आहे, म्हणजे साइड मार्जिन, एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येतं), पार्किंगचे जे नियम तू लातुरात शिकशील बहुतेक तेच पुण्यात आणि नागपुरात चालतात. ते पुस्तक नुसतं वाचून डोक्यात शिरत नाही, एक खरा प्लॉट घेऊन सरांबरोबर एफएसआयचं कोष्टक मांडलंस की शिरतं.

आणि लातूरला तर असं काही शिकायला आहे जे मुंबईच्या काचेच्या ऑफिसात नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात माणसं का दबली ते तुझ्या गावातल्या जुन्या माणसांना विचार. दगडाच्या जाड भिंती, दोन्ही बाजूंनी दगड लावलेला आणि मध्ये माती-खडी भरलेली, दोन्ही थरांना जोडणारे आरपार दगड नाहीत, आणि वर माळवदाचं मातीचं प्रचंड वजन. भिंत हलली की फुगून दोन्हीकडे फुटायची आणि माळवद खाली. माळवद उन्हाळ्यात थंड म्हणून लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या बांधलं, दरवर्षी वर मातीचा थर वाढवत गेले, ते वजन शेवटी अंगावर आलं. अशी घरं तुमच्याकडे अजून आहेत आणि लोक त्यांच्यावर आजही खोल्या चढवायला निघतात. सरांकडे अशा घराच्या दुरुस्तीचं काम आलं तर सोबत जा, भिंतीची जाडी मोज, कुठे तडा गेलाय, कोपरे कसे सांधलेत, लिंटेलला (दारा-खिडक्यांच्या वर) भिंतीभोवती फिरणारा बँड आहे का हे काढून ठेव. भूकंपाचा धडा कॉलेजात आपण नकाशावरच्या झोनपुरता शिकतो, तिथे तो भिंतीत दिसेल, आणि पुढे थिसिसला विषय शोधत फिरायची वेळ येणार नाही.

फक्त एक बघ. काही छोटी ऑफिसं निव्वळ प्लॅन पास करून देतात, पुढे बांधकामाशी त्यांचा संबंध नसतो. तसं असेल तर तुला फक्त नगरपालिकेचं ड्रॉइंग येईल. सरांना जॉइन व्हायच्या आधीच विचार की सध्या चालू असलेली कामं कुठली आणि मी तिथे जाऊ शकतो का. एक तरी साइट जिवंत असेल तर डोळे झाकून जॉइन हो.

प्रश्न: मी चिपळूणहून लिहितेय. मुलगी मुंबईत इंटर्नशिपला आहे. रात्री अकरा-साडेअकराला ऑफिसातून निघते, रविवारीही बोलावतात. विचारलं तर म्हणते आई या लाइनमध्ये असंच असतं. खरंच असंच असतं का हो?

उत्तर: ताई, सबमिशनच्या किंवा टेंडरच्या आठवड्यात उशीर होतो, ते कुठल्याही ऑफिसात होतं आणि चार दिवसांनी संपतं. पण महिनोन्‌महिने रोज अकरा वाजत असतील तर ऑफिसची आखणी चुकतेय आणि त्याची किंमत तुमची मुलगी देतेय. या लाइनमध्ये असंच असतं हे वाक्य मुलं कॉलेजच्या रात्रीच्या जागरणांपासून ऐकत आलेली असतात, पुढे तीच सिनियर होतात आणि तेच पुढच्यांना ऐकवतात. दमलेल्या माणसाची ड्रॉइंग चुकते आणि दुसऱ्या दिवशी तीच दुरुस्त करायला परत रात्र जाते, यात ऑफिसचंही भलं होत नाही.

तिला सांगा की कोणाशीही भांडण न करता सिनियरना विचार, आज सात वाजता निघायचं तर यातलं काय संपवणं गरजेचं आहे आणि काय उद्यावर चालेल. बऱ्याचदा निम्मं काम उद्यावर चालणारं निघतं. रात्री थांबावंच लागलं तर घरी सोडायची सोय ऑफिसने केली पाहिजे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातही रात्री साडेनऊनंतर स्त्रियांना थांबवायचं तर त्यांची संमती आणि सुरक्षिततेची व्यवस्था लागते असंच म्हटलंय. आणखी एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा इंटर्नलाही लागू आहे, दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसात अंतर्गत समिती असायलाच हवी आणि ऑफिस त्याहून छोटं असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. हे मुलीला माहीत असू द्या. कॉलेजात ट्रेनिंगचं बघणारे जे प्राध्यापक असतात त्यांच्या कानावरही तासांची गोष्ट घाला, कॉलेजने एक फोन केला की बरंच बदलतं आणि पुढच्या वर्षी तिथे मुली पाठवायच्या का तेही त्यांना ठरवता येतं. आणि हे सगळं तिला विचारून करा, परस्पर फोन लावू नका, तिला त्याच ऑफिसात दुसऱ्या दिवशी जायचंय.

प्रश्न: गोव्यात एका ऑफिसात जुन्या पोर्तुगीजकालीन घरांची मोजमापं घेऊन मेजर्ड ड्रॉइंग्ज करतेय, काम फार आवडतंय. ही ड्रॉइंग्ज पोर्टफोलिओत टाकली तर चालतील?

उत्तर: विचारल्याशिवाय नको. ड्रॉइंग तू काढलंस तरी काम ऑफिसचं आहे, आणि इथे तर घरही कोणाचं तरी राहतं घर आहे, आतल्या खोल्यांचा प्लॅन, कुठून आत शिरता येतं, हे सगळं त्या शीटवर असतं. सरांना दोन-तीन नेमकी शीट्स दाखवून परवानगी माग, मालकाचं नाव, वाड्याचं (वस्तीचं) नाव आणि सर्व्हे नंबर काढून टाक, खाली ऑफिसचं नाव टाक आणि तू नेमकं काय केलंस ते लिही, मोजमाप घेतलं, सेक्शन काढलं, की फक्त दुसऱ्याने आणलेली मापं कॅडमध्ये चढवली. इंटरव्ह्यू घेणाऱ्याला ते दोन प्रश्नांत कळतं. चिऱ्याच्या भिंतीची, बाल्कांवची (दारापुढच्या बसायच्या ओसरीची) किंवा खिडकीतल्या शिंपल्यांची तू हाताने काढलेली स्केचेस असतील तर ती आधी लाव, ती तुझी स्वतःची आहेत. परवानगी मात्र इमेलवर घे, तोंडी नको, दोन वर्षांनी नोकरीसाठी पोर्टफोलिओ पाठवशील तेव्हा आज हो म्हणणारा माणूस त्या ऑफिसात असेलच असं नाही.